क्लबाचं झाकण, कट्ट्याचं फडकं

कट्ट्यावर एक नियम आहे. ज्यानं प्रश्न विचारला, त्यानंच शेवटी येऊन सांगायचं, की बाबा नक्की काय झालं होतं. प्रश्न विचारायचा, उत्तरं गोळा करायची आणि गाडी सुरू झाली की पसार व्हायचं, हे तिथं चालत नाही. मी दिवाळीनंतर विचारलं होतं, की आमची गाडी तासभर गुण्यागोविंदानं चालून मग मुकाट्यानं बंद का पडते. त्याचं उत्तर आता देते. पण ते उत्तर जतच्या वाटेवर सापडलं, आणि आमच्या फलटणकडच्या गावाहून जत लांब आहे. तेव्हा जरा दमानं घ्या.

गाडी म्हणजे आमची बगळी. पांढरी, गोल दिव्यांची, मागं थोडी वर उचललेली. ती बनवणारी कंपनी कधीच बंद झाली, बगळी चालूच आहे. आमचे मालक सैन्यात सुभेदार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती दुसऱ्याकडून घेतली आणि कालव्याच्या रस्त्यावर मला चालवायला शिकवली. मी सातवी शिकलेले, पण क्लच आणि ब्रेकला शाळा लागत नाही. सुभेदार जाऊन बरीच वर्षं झाली. बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला मी बगळीच नेते.

आमच्या विलासला, म्हणजे मुलाला, ती नको झाली होती. पुण्याचा एकजण नवरदेवासाठी गाड्या भाड्यानं देतो, तो बगळीला फुलं लावायला टपलेला. विलास म्हणाला, "आई, तुजं वय काय, तिचं वय काय. वाटंत कुठं बसून राहिलीस तर?" शेवटी आमचं ठरलं. क्लबाची सहल जतला निघणार होती. बगळी जतला जाऊन आपल्या चाकांवर परत आली, तर विकायचा विषय बंद. एकदा जरी तिला दोर लावून ओढावं लागलं, तर पुण्याच्या माणसाला फोन. दोर विलासनं स्वतः डिकीत ठेवला आणि वर गाठ मारली. म्हणाला, "माजी गाठ मला वळखू येती."

आता क्लब आणि कट्टा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. क्लब म्हणजे जुन्या गाड्यांच्या मालकांचं मंडळ. साताऱ्यात त्यांचा हॉल आहे, खुर्च्या आहेत, वर्गणी आहे, कोटाला लावायचा बिल्ला आहे. आबासाहेब अध्यक्ष. कराडकडचे ऊसवाले, पांढरा सफारी, घरी चार गाड्या. कट्टा म्हणजे मोबाईलवरची जागा. फुकट. खुर्ची नाही, बिल्ला नाही, कोणीही यावं, विचारावं, सांगावं. तिथं निम्म्या लोकांकडं गाडीच नाही, पण गाडीचा एक खिळा दाखवा, तो कुठला ते सांगतील. कट्टा सांभाळणारे सांगलीचे सलीमभाई, हळदीचे व्यापारी. कट्ट्यावर त्यांचं नाव हळकुंड. मी कितीतरी महिने त्यांना हळकुंडभाई म्हणत होते आणि मनात एक बारीक, वाळका, पिवळसर माणूस धरून बसले होते. प्रत्यक्षात माणूस दारातून आडवा आत येतो.

दुसरीकडं अशा दोन टोळ्यांचं पटलं नसतं. पैसे भरणारे फुकट्यांना हसले असते, फुकटे पैसेवाल्यांना. आमच्याकडं उलटं झालंय. क्लब म्हणतो, ज्ञान कट्ट्याचं. कट्टा म्हणतो, गाड्या क्लबानं जगवल्या. एक वर्ष क्लब कट्ट्याच्या माणसाकडं जेवायला जातो, पुढच्या वर्षी कट्टा क्लबाकडं. एकमेकांचा इतका मान ठेवतात, की कोणालाच चहा गरम मिळत नाही.

फलटणहून साताऱ्याला

बरोबर माझी धाकटी जाऊ शकुंतला. तिला गाडी लागते, पण सहल म्हटलं की ती आधी बसते. तिनं धपाटी, लसणाची चटणी, दह्याचा मातीचा सट आणि उलटीसाठी पिशवी अशी तयारी केली होती. धपाटी आणि पिशवी दोन्ही वापरात आली, त्याच क्रमानं.

थंडीचे दिवस. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, गाणी लावलेली. आदर्कीचा घाट चढून गेलो आणि बगळीनं मान टाकली. आवाज नाही, धूर नाही. नुसतं गप्प.

मी कट्ट्यानं सांगितलेला उपाय केला. बॉनेट उघडलं, इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपावर फडकं होतं ते पाणी मारून ओलं केलं. कट्ट्याचं म्हणणं, पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, म्हणून गाडी पडते. फडकं हळकुंडभाईंनी स्वतः पोस्टानं पाठवलेलं, जुन्या धोतराचं, चांगलं मऊ.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. "आवं आजी, रुसली व्हय?"

"दम खातीय."

"दोर हाय का? वाठारापतूर वढतो."

शकू पटकन म्हणाली, "हाय की, डिकीत—"

मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "हाय, पण त्यो कपडे वाळत घालायचा हाय."

ट्रॅक्टरवाल्यानं आम्हां दोघींकडं, मग बगळीकडं बघितलं आणि गाणं मोठं करून निघून गेला. आम्ही धपाटी खाल्ली. थोड्या वेळानं चावी फिरवली, बगळी सुरू. मी म्हटलं, वा रं फडक्या.

साताऱ्यात

हॉलसमोर गाड्या रांगेत लावलेल्या. आबासाहेब पुढं येऊन बगळीच्या पाया पडावं तसे वाकले आणि मागच्या अंगाला तिचं पेट्रोलचं झाकण रुमालानं पुसलं. या झाकणाचं सांगायचं राहिलं. दिवाळीत मला क्लबात घेतलं, तेव्हा मानाची भेट म्हणून त्यांनी बगळीला नवं झाकण बसवलं. पितळी, जड, मधोमध क्लबाचं चिन्ह, नदी आणि चाक. जुनं गंजलेलं पत्र्याचं झाकण शोभत नाही म्हणून त्यांनीच टाकून दिलं.

हुशार वाचकाला इथं कळलं असेल. मला कळलं नाही. दिवाळीतच मी सीटची कव्हरं बदलली होती आणि शकूच्या मते सगळा दोष त्या रंगाचा होता.

साताऱ्याचा चहा आमच्यापेक्षा कमी गोड असतो. आमच्याकडं साखर कारखाने आहेत म्हणून असेल, चहात साखर कमी पडली तर पाहुण्याचा अपमान. इथं अपमान सोसला, वर कंदी पेढा मिळाला, मिटलं.

निघायची वेळ झाली. पण नियम असा, की कट्ट्याच्या माणसानं निशाण दाखवल्याशिवाय क्लब निघत नाही. कट्ट्यातर्फे एक मास्तर आले होते. ते म्हणाले, "छे छे, अध्यक्ष असताना मी कसा दाखवू?" आबासाहेब म्हणाले, "कट्ट्यानं दाखवलं नाही तर आम्ही निघणार नाही." मास्तर म्हणाले, "तुम्ही निघाल्याशिवाय मी हात उचलणार नाही." शेवटी मागून एसटीनं भोंगा वाजवला, त्या दणक्यानं आम्ही सगळे निघालो.

कराडच्या पुढं

कराडपर्यंत बगळी माणसासारखी चालली. पुढं हायवेला कासेगावच्या अलीकडं पुन्हा गप्प. मी कडेला घेतली. आबासाहेबांनी हात वर केला आणि सगळा क्लब मागं थांबला. एकजण म्हणाला, आम्ही पुढं जातो. क्लबात मला सगळे आक्का म्हणतात. आबासाहेब म्हणाले, "आक्काच्या फुडं कोण जाईल त्याचा बिल्ला काढून घीन." मग अख्खा क्लब उन्हात उभा राहिला, सूट-बूट घालून.

सलीमभाई आम्हाला आणायला पेठ नाक्यावर स्कूटर घेऊन थांबले होते, ते गाडी पडल्याचं कळताच तसेच पुढं आले. आबासाहेब आणि ते बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहिले. आता कोणीतरी आत बघेल, असं मला वाटलं.

"बघा की सलीमभाई."

"मी? क्लबाची गाडी हाय. तुमी असताना मी हात लावायचा?"

"आवं, प्रश्न तुमच्या कट्ट्यावर इचारलाय."

"इचारला कुठंबी आसंल. गाडी क्लबाची."

"मग तुमचं फडकं तर बघा."

"फडक्याचं काय, ते हाय तिथं हाय. तुमी आधी बाकीचं बघा."

"बाकीचं काय बघायचं? तुमी सांगितलं म्हणजे झालं."

"आवं, तुमच्या शब्दाबाहेर कट्टा न्हाई."

"आन् तुमच्या शब्दाबाहेर क्लब न्हाई."

शकूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तुमच्या दोघांच्या शब्दात आमी हितंच म्हाताऱ्या व्हऊ."

त्यांनी तिलाही नमस्कार केला. बोलणं पुढं चालू. मला घाम फुटला होता. मागं सगळ्यांच्या गाड्यांत दोर होते, आणि एक तरुण सदस्य मदतीच्या भावनेनं आपला सोडायलाही लागला होता. मी त्याला म्हटलं, "बाळा, त्यो दोर बघितला तर माजं काळीज हालतंय. ठेव आत." त्यानं ठेवला. मी सहज चावी फिरवली, आणि बगळी सुरू झाली.

आबासाहेबांनी सलीमभाईंचा हात हातात घेतला. "कट्ट्यानं करून दाखवलं."

सलीमभाई म्हणाले, "न्हाई, क्लबाच्या पायगुणानं."

दोघांपैकी कोणीही बॉनेट उघडलं नव्हतं.

सांगली

सांगलीत शिरलं की हळदीचा वास आधी नाकात शिरतो, मग गाव दिसतं. सलीमभाईंच्या पेढीवर गेलो. आत पोत्यांच्या थप्प्या, माणसांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. आमच्याकडं पाहुणा आला की आधी चहा टाकतात, इथं आधी गुळाचा खडा आणि पाणी. मी आयुष्यभर ऊस बघितला, पण गूळ खाऊन तो कुठल्या मातीतला हे सांगणारी माणसं पहिल्यांदा बघितली. सलीमभाईंच्या बेगमनं भडंग केलं होतं, भरपूर लसूण आणि शेंगदाणे घालून. शकूनं तिथंच ठरवलं, की परतीच्या वाटेवर तिला गाडी लागणार नाही, कारण भडंग वाया घालवणं बरं नाही.

संध्याकाळी नदीकाठी बसलो. विलासचा फोन आला.

"दोर?"

"डिकीत."

"उद्या जतचा रस्ता. तिकडं मदत मिळायची न्हाई लवकर. पुण्याच्या मानसानं आज परत फोन केलावता."

मी फोन ठेवला. नदीत एक माणूस म्हैस धूत होता. म्हैस काही लगेच बाहेर यायला तयार नव्हती आणि तो तिला घाई करत नव्हता. बगळी गेली तर बाजारापर्यंत मला कोणीतरी सोडायला लागणार. सोडतील सगळे, प्रेमानं सोडतील. पण जायच्या आधी विचारावं लागेल, की रिकामा आहेस का रं. सुभेदारांनी मला गाडी शिकवली ती यासाठी नव्हे.

जत

सकाळी मिरजेच्या बाजूला पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या माणसानं बगळीचं झाकण फिरवलं, तसा आतून सुस्स असा लांब आवाज झाला.

तो म्हणाला, "आजी, टाकीनं श्वास घेतला बगा."

आबासाहेब एकदम आभाळाकडं बघायला लागले. सलीमभाई आपल्या चपलेकडं. मला वाटलं, दोघांना काहीतरी आठवलं असेल.

मग सलीमभाईंनी ते झाकण हातात घेतलं. "काय देखणं काम हाय, आबासाहेब!"

"तुमाला आवडलं म्हणजे झालं."

क्लबाचं चिन्ह असलेली वस्तू खाली कशी ठेवायची, म्हणून सलीमभाईंनी ते अदबीनं बगळीच्या टपावर ठेवलं. मग आधी कोणी निघायचं यावर बोलणं झालं. मग आम्ही निघालो. झाकण टपावरच.

ऊस मागं पडला. हिरवं संपत गेलं आणि काळे दगड, बाभळी, मेंढरांचे कळप, लांबवर कोरडवाहू ज्वारी. कवठे महांकाळच्या पुढं शकू नाक धरून म्हणाली, "आक्का, मला पेट्रोलचा वास येतोय, आन् ह्या खेपंला मी न्हाई, गाडीच वकतीय."

थांबून बघतो तर टाकी उघडी. झाकण कुठं पडलं देव जाणे. पुढं-मागं दुकान नाही. सलीमभाईंचं तोंड उतरलं. क्लबाचा मान त्यांच्या हातून रस्त्यावर पडला होता. आबासाहेब त्यांना म्हणत होते, "जाऊ द्या वो, झाकण काय, तुमच्यावरनं ववाळून टाकलं." मी मात्र टाकीला काहीतरी लावायच्या विचारात होते. इंजिनातल्या पंपावरचं फडकं काढलं, ते उन्हात वाळवून घेतलं, घडी करून टाकीच्या तोंडावर दोऱ्यानं बांधलं, आणि सगळ्यांना दम दिला, की बिडी ओढायची तर विजापुरात जाऊन ओढा.

आणि बगळी जतपर्यंत थांबली नाही. एकदाही नाही. तासभर झाला, मी श्वास धरून बसले. आणखी वेळ गेला, मी श्वास सोडला. ती आपली चाललीय.

जतच्या बाहेर मल्लाप्पाचं शेत. कट्ट्यावरचा माणूस, मेंढरं आणि थोडी ज्वारी. सगळा क्लब आणि सगळा कट्टा तिथं जेवायला. शेकोटीवर हुरडा, बाजूला मटणाचं कालवण, भाकरी पातळ आणि मोठ्या. मल्लाप्पा बायकोशी कानडीत बोलायचा, आमच्याशी मराठीत आणि मेंढरांशी तिसऱ्याच भाषेत. त्याची बायको घागर घेऊन आली आणि म्हणाली, "आदी गाडीला पाजा. ती तापली असंल. मानसं काय, थांबतील." त्यांच्याकडं पाणी टँकरनं येतं. आमच्या दारातून कालवा जातो आणि आम्ही अंगण धुतो. मी बगळीच्या रेडिएटरमध्ये ते पाणी ओतताना एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही.

जेवताना मला घरचा तेलाचा डबा आठवला. डब्याला एकच भोक पाडलं, तर तेल थोडं येतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडलं, की आत हवा जाते आणि धार लागते. मी हातातला हुरडा खाली ठेवला. नव्या झाकणाला हवेचं भोक नव्हतं. टाकीचा गळा दाबलेला. थांबलं, की हवा हळूहळू कुठूनतरी आत झिरपायची आणि गाडी सुरू व्हायची. फडक्याचा काही संबंधच नव्हता.

मी आबासाहेबांना बाजूला घेतलं. ते म्हणाले, "आक्का, दोन दिवस झाले, मला वाटतंय ते झाकण आसंल. आन् थंडीत पंप तापतोय कुठला? पण सलीमभाईंनी फडक्याचा उपाय दिलेला. मी झाकणाचं बोललो, तर त्यांचं फडकं खोटं पडतंय."

मग सलीमभाईंकडं गेले. ते म्हणाले, "तुमी कट्ट्यावर इचारलं त्याच दिवशी डोक्यात आलेलं, आक्का. पण क्लबानं मानानं बसवलेलं झाकण. त्याला नावं ठेवायची कशी? म्हणून फडक्यावर न्यालं."

म्हणजे दोघांना माहीत होतं. दोघंही बोलले नव्हते. एकमेकांचा मान राखायच्या नादात माझी बगळी पुण्याला जायच्या बेतात होती. मी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि म्हटलं, "तुमचा दोघांचा मान ऱ्हायला असता, आन् माजी गाडी नवरदेव घिऊन गेला असता."

मग सलीमभाई म्हणाले, "तरीबी, फडकं काढलं म्हणून चालली आसंल. माजंच चुकलं."

"छ्या, झाकण माजं. चूक माजी."

"न्हाई, माजी."

शकू म्हणाली, "आता चुकीसाटी बी भांडा."

परत

शंका नको म्हणून मी परतीला पंपावर पुन्हा ओलं फडकं घातलं आणि टाकीच्या तोंडाला शकूचा रुमाल बांधला. सांगली, कराड, सातारा, आदर्की. बगळी कुठं थांबली नाही, आम्ही थांबवली तिथंच थांबली. शकूला गाडी लागली नाही. भडंग घरी पोचलं.

जतहून निघण्याआधी मी दोघांना सांगितलं, की कट्ट्याचा नियम आहे, मला खरं काय झालं ते लिहावं लागेल. आबासाहेब म्हणाले, "लिवा. पण झाकणाचं लिवा, फडक्याचं नको." सलीमभाई म्हणाले, "लिवा. पण फडक्याचं लिवा, झाकणाचं नको." दोघांच्या परवानग्या एकत्र केल्या, तर सगळंच लिहायची परवानगी झाली. तशी मी धरली.

दारात विलास उभा होता. त्यानं आधी डिकी उघडली. दोर बाहेर काढला, गाठ उलटसुलट बघितली. त्याचीच होती. दोर गोठ्यात नेऊन टांगला. चहा घेत असताना पुण्याचा फोन आला. विलास अंगणात गेला, पण आवाज आत येत होता.

"न्हाई वो. न्हाई इकायची. आमची आई वापरती ती."

पंधरवड्यानं क्लबाकडून नवं झाकण आलं. पितळी, नदी आणि चाक. नदीच्या मधोमध बारीक भोक आहे. ते सलीमभाईंनी सांगलीत स्वतः उभं राहून पाडून घेतलंय, आणि आबासाहेब येईल त्याला सांगतात, की ते भोक म्हणजे कट्ट्याची खूण आहे, आता सगळ्या झाकणांना ठेवणार.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर: झाकणाला भोक नव्हतं. पंपावर ओलं फडकं कोणी ठेवलं असेल, तर काढून टाका. पण हळकुंडभाई समोर असतील, तर ते जाईपर्यंत राहू द्या. मीही तसंच करते.